बादलीपुरतं पाणी

मोटार विकत घेण्याआधी विहिरीत दोरी सोडून पाणी मोजायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आठवीला विज्ञान शिकवणारी बाई. काठोकाठ भरलेल्या ग्लासावर पुठ्ठा ठेवायचा, ग्लास उलटा करायचा, पाणी पडत नाही हे बघून पोरं आ वासतात, मग त्यांना हवेचा दाब समजावून सांगायचा. हा प्रयोग मी वर्षानुवर्षं केलेला. पण त्याच दाबाच्या जोरावर घरची मोटार पाणी ओढते आणि त्या जोरालाही मर्यादा असते, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. ते गिरजाबाईंनी शिरवलं. तेही दारात उभं राहून, माझ्या नव्या कोऱ्या मोटारीचं खोकंसुद्धा न उघडता.

मी मूळची वर्ध्याची. बदली होऊन अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावी आले तेव्हा ज्या मोहल्ल्यात घर मिळालं तिथे अकरा घरं आणि मध्ये एक दगडी विहीर. नळ होता, पण तो एक दिवसाआड यायचा आणि आला तरी पोटात दुखत असल्यासारखा कण्हत यायचा. सगळ्यांची भिस्त विहिरीवर. विहिरीत आत लोखंडी अँगल ठोकून त्यावर मोटारी बसवलेल्या, प्रत्येकीचा पाइप आपापल्या घरी गेलेला. माझ्या घराला मोटार नव्हती. म्हणून एका शनिवारी मी गाडीनं गोंदियाला गेले. दुकानदार म्हणाला, "मैडम, एक हॉर्स ले जाइए. पाँच मिनट में टंकी फुल. ज़िंदगी भर नाम लेंगी हमारा." मी त्याला नाव विचारलं नाही, मोटार मात्र घेतली आणि परतीच्या गाडीत मांडीवर धरून आणली.

शेजारच्या काकूंनी सांगितलं, "बसवाले गिरजाबाईले बोलवा." मला वाटलं, गिरजाबाई म्हणजे मिस्त्रीची बायको, निरोप पोचवणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधलेली, लुगड्यावर पुरुषी फुल शर्ट चढवलेली, पंचावन्नच्या आसपासची एक बाई दारात आली. तिनं आधी हात धुवायला पाणी मागितलं. पुढे कळलं, ही त्यांची सवयच होती. लोक काम झाल्यावर हात धुतात, गिरजाबाई मोटारीला हात लावण्याआधी धुवायच्या.

हात पुसत त्यांनी तीन प्रश्न विचारले.

"पानी किती खाली आहे?"

"आहे की भरपूर."

"भरपूर म्हनजे किती? बरं, टाकी किती उंच आहे?"

"स्लॅबवर आहे."

"घरात मानसं किती?"

"मी एकटीच. सुट्टीत मुलगी येते."

त्यांनी खोक्यावरचा आकडा वाचला. "एकट्या मानसाले एक हॉर्स कायले? परत नेऊन द्या."

मी भडकले. एवढं वजन मांडीवर घेऊन आलेली, पाय अजून अवघडलेले. म्हटलं, "तुम्ही मोटार बसवता की सल्ले देता?"

"दोनी. सल्ला आधी देतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "म्याडम, ही ओढनारी मोटर आहे. ओढून पानी पंचवीस फुटांच्या वर येत नाई, मंग ती अर्ध्या हॉर्सची राहो का धा हॉर्सची. मोठी मोटर जास्त खोलातून नाई ओढत, जास्त जोरानं ओढते. आनि ही विहीर जोरानं ओढन्याजोगी नाई राहिली. झरा बारीक आहे. तुमची टाकी पाच मिनटात भरन आनि मंग अर्धा घंटा कोनालेच पानी नाई. वरून संध्याकाळी इथं करंट कमी येते. ही मोटर फिरनारच नाई, गूं करत राहीन आनि जळून जाईन."

पंचवीस फूट! आठवीच्या पुस्तकात पाऱ्याचा स्तंभ किती उंच चढतो ते मी फळ्यावर काढून दाखवत आले होते. पाण्याचा किती चढेल, हे एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. पुढच्या शनिवारी मी मोटार पुन्हा मांडीवर घेऊन गोंदियाला गेले आणि अर्ध्या हॉर्सची घेऊन आले. दुकानदारानं तोंड वाकडं केलं, मीही केलं.

गिरजाबाईंचा हा धंदा कसा सुरू झाला, ते गावात प्रत्येक जण वेगळं सांगायचा. खरं एवढंच की तरुणपणी तालुक्याला हापशी दुरुस्तीचं शिबिर झालं, त्याला गावातून कोणी गडी जाईना, म्हणून ह्या गेल्या. मग गावोगावच्या हापशा उघडल्या, पुढे हापशा मागे पडल्या आणि घरोघरी मोटारी आल्या, तशा ह्याही मोटारीकडे वळल्या. लोक त्यांना अजून हापशीवाली म्हणत. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

आवाजावर त्यांचा फार भरवसा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मोटारीला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. "बेअरिंग गेली," म्हणायच्या, नाहीतर "पंख्यात कचरा आहे." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. चुकलं तर तसं मोकळेपणी सांगायच्या आणि पुन्हा कान लावायच्या. मला त्यांनी एकच नियम पाठ करायला लावला होता: गूं आवाज आला आणि पाणी आलं नाही, तर बटण बंद. "देवाचं नाव बटन बंद केल्यावर घ्या." महिन्यातून एकदा पाइपच्या तळाचा व्हॉल्व्ह वर काढून धुवायचा, गावाला जायचं असेल तर शेजाऱ्याला सांगून आठवड्यात पाच मिनिटं मोटार फिरवायची म्हणजे ती जाम होत नाही, लाइट गेली-आली की लगेच बटण दाबायचं नाही. हे सगळं त्या दर भेटीत नव्यानं सांगायच्या. "मागच्या महिन्यात सांगितलंत," म्हटलं तर विचारायच्या, "मंग केलं का?" मी केलेलं नसायचं.

त्यांच्या सायकलच्या हँडलला एक तार असायची आणि तिच्यात जळलेली सीलं ओवलेली. सील म्हणजे मोटारीच्या आत पाणी शिरू न देणारी छोटी चकती. कोरडी फिरली की जळते. प्रत्येक सीलाला नाव होतं. "हा गुरुजीचा विसर. हा लग्नघरचा आहे, व्याही आला म्हनून दिवसभर चालू ठेवली. आनि ही पाटलाची आरती."

पाटलाच्या आरतीची हकिगत मी डोळ्यांनी पाहिलेली. गावच्या पोलीस पाटलांनी दसऱ्याला नवी मोटार आणली. आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. पाटावर लाल कापड, त्यावर मोटार, हळदकुंकू, फुलं, नारळ. इथवर ठीक. पण पाटलीणबाई म्हणाल्या, नव्या मोटारीचा आवाज घरात घुमला पाहिजे, त्याशिवाय बरकत कशी? मग पाटावरच वायर जोडली आणि बटण दाबलं. पोटात पाण्याचा थेंब नाही. मोटार जोरात फिरायला लागली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवत आरती म्हटली, एक नाही, तीन. तिसऱ्या आरतीला धूर आला. कापूर असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

गिरजाबाईंनी मोटार उघडली तेव्हा पाटील मान खाली घालून बसले होते. त्या हसल्या नाहीत. "पूजा करा पाटील, मी नाई कायले म्हनू? पन तिच्या पोटात आधी पानी भरा. देवाले नैवेद्य दाखवता ना? मोटरचा नैवेद्य पानीच आहे." तेव्हापासून आमच्या गावात नवी मोटार पाण्याच्या टबात ठेवून पुजतात. मी बाहेरगावी कुठे असं पाहिलं नाही.

आता विहिरीची गोष्ट. खरं तर ती कौसल्याची गोष्ट आहे.

अकरा घरांतलं एकच घर मोटारीशिवायचं, ते कौसल्याचं. बिड्या वळणारी, एकटी, गुडघ्यानं अधू. तिच्याकडे दोर आणि बादली. सकाळी दोन गुंड, म्हणजे मोठ्या घागरी, आणि संध्याकाळी दोन, एवढंच तिला लागायचं. मी आल्यानंतर तिसऱ्या उन्हाळ्यात तिची बादली तळाच्या चिखलात आडवी पडायला लागली. ओंजळभर गढूळ पाणी वर यायचं. तलावावर चालत जाणं तिच्या गुडघ्याला झेपणारं नव्हतं, आणि रोज शेजाऱ्याच्या नळीखाली गुंड धरायला ती तयार नव्हती. "एक दिवस देतीन, दोन दिवस देतीन," ती म्हणायची. "मंग नळी बंद करतीन." मग उरलं तिरोड्याकडचं भावाचं गाव. तिथल्या भावजयीचं नाव निघालं की कौसल्याच्या हातातली बिडी थांबायची. पाणी नसलं तर तिला तिथेच जावं लागणार होतं, आणि ते तिला मरणाहून नको होतं.

पाणी जात कुठे होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोहल्ल्यात मोटारींची चढाओढ लागली होती. एकानं पाइप तीन फूट खाली सोडला की दुसरा चार फूट सोडायचा. हेमराजभाऊ म्हणजे धानाचे व्यापारी, दोन मजली घरवाले. त्यांनी तर दीड हॉर्सची पाण्यात बुडून चालणारी मोटार आणून थेट तळाशी टेकवली होती.

गिरजाबाई आमच्या मोहल्ल्यातल्या नव्हत्या. त्यांचं घर तलावाच्या पाळीजवळ. पण कौसल्याची आडवी बादली त्यांनी पाहिली आणि त्या दिवशीचं सगळं काम सोडून त्या विहिरीच्या कठड्यावर बसल्या. मग मोहल्ल्याला गोळा केलं.

"माझा बाप तलावाचं पानी सोडाचा," त्या म्हणाल्या. "तलावाले पानी सोडाच्या जागा राहतात, एकीखाली एक. होळी झाली का बाप सगळ्यात खालची जागा बंद करून टाकाचा. धान वाळो, मालगुजार येवो, खालची उघडाची नाई. ते पानी ढोरांचं. ज्याले बोलता येत नाई त्याचा वाटा तळाशी राहते." मग म्हणाल्या, "इथं तं कौसल्या आहे. तिले बोलता येते, पन ती बोलत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तांबड्या ऑइल पेंटचा डबा घेऊन विहिरीत उतरल्या. तळापासून दोन हात वर, दगडावर चारी बाजूंनी रेघ मारली. रेघेच्या खाली कोणाचाही पाइप जाणार नाही, खालचं पाणी फक्त बादलीचं. वर येऊन हात धुतले आणि जाहीर केलं, "रेघेच्या खाली ज्याचा पाइप, त्याच्या मोटरले मी हात लावनार नाई. हात जोडले तरी नाई."

ही धमकी हलकी नव्हती. पंचक्रोशीत बोलावल्यावर त्याच दिवशी येणारी दुसरी कोणी नव्हती. आठवडाभरात नऊ घरांनी पाइप कापून रेघेवर आणले. मीही आणला, आणि शाळेतल्या पोरांना ती रेघ दाखवून आणली, मोठ्या अभिमानानं.

हेमराजभाऊंनी मात्र ऐकलं नाही. "विहीर तिच्या बापाची आहे का?" म्हणाले. गिरजाबाईंच्या कानावर ते गेलं. "माझ्या बापाची नाई, त्याच्या बापाचीबी नाई," एवढंच त्या बोलल्या. हेमराजभाऊंच्या मोटारीनं गाळ ओढला, ती बंद पडली. त्यांनी गोंदियाहून मिस्त्री बोलावला. मोटार सुरू झाली, बारा-पंधरा दिवसांनी पुन्हा गाळानं अडकली. मिस्त्री पुन्हा आला. ह्या सगळ्या काळात गिरजाबाई रोज सकाळी कामाला निघताना विहिरीवर थांबायच्या, हेमराजभाऊंचं बटण सुरू व्हायच्या आत कौसल्याला दोन गुंड काढून द्यायच्या आणि मग सायकलवर टांग मारायच्या. भाऊ गच्चीवरून बघायचे. त्या वर बघायच्या नाहीत. तिसऱ्यांदा आला तेव्हा गोंदियाच्या मिस्त्रीनं विहिरीत डोकावून सगळ्यांसमोर सांगितलं, "भैया, मोटर में खराबी नहीं है. कीचड़ पिलाओगे तो कौन सी मोटर चलेगी? ऊपर टाँगो इसे."

दोन दिवसांनी पाहिलं तर हेमराजभाऊंची मोटार टांगलेला पिवळा दोर दोन हात वर ओढून बांधलेला. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. गिरजाबाईंनी तो दोर पाहिला, हात धुतले आणि त्यांच्या घरी जाऊन न बोलावता स्टार्टरचे काळे पडलेले पॉइंट घासून दिले. भाऊंच्या आईनं चहा दिला, तो प्याल्या. कोण हरलं, कोण जिंकलं, हा विषय निघालाच नाही. मी असते तर काढला असता.

पुढचं सांगायला मला जड जातं, पण ते टाळलं तर गिरजाबाई अर्धवट राहतील.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझी मुलगी बाळंतपणाला आली. घरात तान्हं बाळ, लंगोट, गरम पाणी, येणारीजाणारी माणसं. एप्रिलच्या शेवटाला पाणी रेघेपर्यंत उतरलं आणि मोटारी हवा ओढायला लागल्या. सगळे बादल्या शोधू लागले. मी शोधली नाही. पुतण्या आला होता, त्याला म्हटलं, तीन फुटांचा तुकडा जोड रे, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. दुपारी सगळे झोपले असताना त्यानं तो जोडला. बाळाची आजी आहे मी, मला सूट आहे, असं मी मनाशी म्हटलं. कौसल्याचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला.

चौथ्या दिवशी गिरजाबाई दारात आल्या. त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं नाही.

"बाळ कसं आहे?"

"छान आहे."

"कौसल्या गाठोडं बांधून राहिली. भाऊ उद्या न्यायले येते. तिची बादली कालपासून बुडत नाई."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हेमराजनं केलं असतं तं मी भांडली असती, म्याडम. तुमच्यासंग कशी भांडू? तुमी पोरांले रेघ दाखवाले आनलं होतं."

मला भर दुपारी अंगणात उभ्या उभ्या रडू फुटलं. त्यांनी समजूत घातली नाही. पेटी उघडून आरी काढली आणि माझ्या हातात दिली. "तुमीच कापा."

पुतण्यानं पाइप वर ओढला आणि मी तो कापला. आरी मला नीट धरता येत नव्हती, दोनदा घसरली. त्या शेजारी उभ्या होत्या, पाइप धरून. काप वाकडा आला तेव्हा त्यांनी तो घासून सरळ केला, व्हॉल्व्ह बसवला, मोटारीच्या पोटात पाणी भरलं. मग म्हणाल्या, "आता कौसल्याच्या घरी चला. मी सांगनार नाई. तुमीच सांगा."

मी सांगितलं. कौसल्यानं तेंदूपानांचं सूप बाजूला सारलं. मग विचारलं, "बाळाले न्हाऊ घालाले पानी पुरते का आता?" त्यानंतर त्या बाईच्या डोळ्यांत बघायला मला किती महिने लागले ते माझं मला माहीत. भाऊ दुसऱ्या दिवशी आला, जेवला आणि एकटाच परत गेला.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात मी निवृत्त झाले. सामानाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. पाणी रेघेखाली गेलेलं, मोटारी आठवड्यापासून बंद, आणि विहिरीवर मोहल्ला जमलेला. मी निरोप घ्यायला गेले तर गिरजाबाई दिसेनात. कोणीतरी खाली बोट दाखवलं. तळाशी गाळ चढून बादली पुन्हा आडवी पडायला लागली होती. साठीला आलेली ती बाई गुडघाभर चिखलात उभी राहून फावड्यानं विहिरीच्या मधोमध खळगा करत होती. हेमराजभाऊ वरून गाळाची घमेली ओढून घेत होते.

मी कठड्यावरून वाकून ओरडले, "गिरजाबाई, निघते मी!"

"निघा म्याडम! पोचल्यावर फोन करा!" आवाज विहिरीत घुमून वर आला. लगेच दुसरी हाक. "कौसल्या, सोड वं आता!"

कौसल्यानं बादली सोडली. दोर तिच्या हातातून सरसर गेला आणि सैल पडला. सगळे कठड्यावर वाकले.

"बुडली का वं?" कौसल्यानं विचारलं.

मग दोर ताणला गेला आणि कौसल्या एक पाऊल पुढे ओढली गेली. मी खांद्यावरची पर्स कठड्यावर ठेवली आणि तिच्या मागे उभी राहून दोर धरला. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. बादली वर आली, भरलेली. मी खाली पाहिलं. गिरजाबाईंनी मान वर केली नव्हती. त्या दुसरं घमेलं भरत होत्या.